दाढेचे दुखणे, हृदयाची झडप आणि लपवलेला आजार

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या शाळेची एक जुनी विद्यार्थिनी दीड महिना तापाने पडून होती. ताप फार मोठा नव्हता. दिवसा अंग कोमट, संध्याकाळी कणकण, पहाटे घामाने कपडे ओले. भूक गेली, वजन उतरले. सासरच्या गावातल्या दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा ‘थोडा टायफॉइड आहे’ असे सांगण्यात आले. पाच दिवस सलाईन आणि इंजेक्शने झाली. ताप उतरला, सगळ्यांनी अल्लाहचे आभार मानले. आठ दिवसांनी ताप पुन्हा आला. मग दुसरा दवाखाना, पुन्हा सलाईन. असे तीन वेळा झाले. शेवटी चार पावले चालताच धाप लागू लागली, तेव्हा तिला लातूरला नेले.

तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले आणि दोनच प्रश्न विचारले. “लहानपणी कोणी हृदयाचे काही सांगितले होते का? आणि एवढ्यात दाताचे काही केले होते का?”

खोलीत सासू आणि नणंद उभ्या होत्या. मुलीने मान खाली घातली. दाराबाहेर तिचे अब्बा होते. त्यांनी डॉक्टरांना बाजूला बोलावले आणि सात वर्षे लपवलेली गोष्ट सांगितली.

ही हकीकत आम्ही त्या मुलीच्या आणि तिच्या अब्बांच्या परवानगीने लिहीत आहोत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आम्ही डॉक्टर नाही, कळंबमधले एक शिक्षक आहोत. पण या हकीकतीत आमचाही थोडा वाटा आहे. तो शेवटी सांगू. आधी डॉक्टरांनी ते दोन प्रश्न एकदमच का विचारले, ते समजून घेऊ.

दातातले जंतू हृदयात कसे पोहोचतात?

दाताचे वरचे कवच शरीरातली सर्वात कडक वस्तू आहे. पण त्याच्या आत मऊ, जिवंत गाभा असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. हा गाभा मुळांतल्या बारीक नळ्यांमधून थेट जबड्याच्या हाडापर्यंत जातो. कीड कवच पोखरत गाभ्यापर्यंत पोहोचली की रात्र-रात्र झोप लागत नाही. पुढे गाभा मरतो आणि दुखणे आपोआप थांबते. लोकांना वाटते, दाढ बरी झाली. प्रत्यक्षात मेलेल्या गाभ्यात जंतूंची वस्ती होते आणि मुळाच्या टोकाशी पू साठू लागतो.

तोंडात सुमारे ७०० प्रकारचे जंतू आढळतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. मात्र हिरड्या सुजलेल्या असतील किंवा मुळाशी पू असेल तर त्यांना रक्तात शिरायला वाट मिळते. ‘व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकस’ नावाचा तोंडातला एक जंतूंचा गट यात पुढे असतो. दात काढल्यावर हे जंतू रक्तात सापडतात, हे इंग्लंडच्या ओकेल आणि इलियट या संशोधकांनी १९३५ सालीच दाखवले होते.

निरोगी माणसाचे रक्त असे जंतू थोड्या वेळातच संपवते. हृदयाच्या झडपा गुळगुळीत असतात, जंतूंना चिकटायला जागा नसते. पण झडप आधीच जाड, खरखरीत किंवा गळकी झालेली असेल तर तिच्यावर रक्ताच्या बारीक गुठळ्या धरतात. रक्तातून फिरणारा जंतू त्यांत अडकतो, वाढतो, आणि झडपेवर गाठीसारखा थर तयार होतो. या आजाराला ‘इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस’ म्हणतात. त्या थराचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा होऊ शकतो. झडप फाटली तर हृदय थकते. पेनिसिलिन येण्यापूर्वी या आजारातून जवळजवळ कोणी वाचत नसे. आजही साधारण पाचात एक रुग्ण दगावतो.

हा आजार दुर्मीळ आहे. एका वर्षात लाखामागे तीन ते दहा जणांना होतो. म्हणून दाढ दुखली की हृदय धोक्यात, असे कोणी समजू नये. ज्यांची झडप आधीच बिघडलेली आहे, प्रश्न त्यांचा आहे.

झडप बिघडते कशाने?

आपल्या भागात याचे मोठे कारण बालपणीच्या घसादुखीत आहे. ‘स्ट्रेप्टोकोकस पायोजीनस’ या जंतूने मुलाचा घसा सुजतो. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो आणि गुडघे, घोटे, कोपरे एकामागून एक सुजतात. हा संधिवाताचा ताप. सांध्यांची सूज उतरते, पण हृदयाच्या झडपेला झालेली इजा राहून जाते. दाटीवाटीची घरे आणि घशाच्या दुखण्याकडे दुर्लक्ष, यांत हा आजार वाढतो. श्रीमंत देशांतून तो जवळपास गेला, आपल्याकडे अजून आहे. चंडीगढच्या पीजीआय रुग्णालयात १९८१ ते १९९१ या काळात आलेल्या एंडोकार्डायटिसच्या रुग्णांचे सरासरी वय २५ च्या आसपास होते, आणि त्यांत सर्वात मोठा गट याच संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्यांचा होता. पंचवीस म्हणजे ऐन संसाराचे वय.

आमची विद्यार्थिनी आठवीत होती तेव्हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले होते. हा कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. जन्मजात व्यंगे, हृदयाचे आजार, दातांची कीड अशा तक्रारी शाळेतच शोधण्यासाठी डॉक्टर मुलांना तपासतात. तिच्या छातीत डॉक्टरांना वेगळा आवाज ऐकू आला. चिठ्ठी मिळाली, टू-डी इको झाला, आणि एक झडप गळते आहे असे निघाले. औषध साधे होते. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन. त्यामुळे पुन्हा संधिवाताचा ताप येत नाही आणि झडप आणखी बिघडत नाही. झडपेला इजा झालेल्यांना हे इंजेक्शन निदान दहा वर्षे, कधी वयाच्या चाळिशीपर्यंत चालू ठेवावे लागते.

तिचे इंजेक्शन लग्न ठरेपर्यंत नियमित चालू होते. लग्नानंतर बंद झाले. कारण सासरी कोणालाच काही माहीत नव्हते.

रूट कॅनल करावे की नाही?

मागच्या वर्षी जूनमध्ये तिची खालची दाढ असह्य दुखू लागली. नवरा तिला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेला. ‘नस काढावी लागेल’ असे सांगितले गेले. पहिल्याच दिवशी दाढ उघडली, आत औषध ठेवले, वर तात्पुरते सिमेंट लावले. दुखणे थांबले. पुढच्या आठवड्यात बोलावले होते, पण सोयाबीनची पेरणी होती, मग पाऊस, मग पाहुणे. तात्पुरते सिमेंट निघून गेले. दाढ आतून उघडीच राहिली. दुखत नव्हती, म्हणून कोणाच्या लक्षातही आली नाही.

ही गोष्ट कानावर आल्यावर आमच्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी निष्कर्ष काढला, “रूट कॅनलमुळे हृदय बिघडते. सरळ दाढ काढून टाकावी.” मोबाईलवरही असे संदेश फिरतात. या समजाची मुळे शंभर वर्षे जुनी आहेत. अमेरिकेच्या क्लीव्हलँड शहरातल्या वेस्टन प्राइस या दंतवैद्यांनी १९२० च्या दशकात रूट कॅनल केलेले दात काढून सशांच्या कातडीखाली बसवले. ससे आजारी पडले, तेव्हा त्यांनी असे सगळे दात धोकादायक ठरवले. त्या काळात हजारो लोकांचे चांगले दात उपटले गेले. पुढे नीट काळजी घेऊन केलेल्या प्रयोगांत हा निष्कर्ष टिकला नाही. प्राइस यांच्या प्रयोगांत स्वच्छता पुरेशी नव्हती आणि जंतूंची मात्राही अवाजवी होती.

खरे म्हणजे रूट कॅनल हा जंतू हटवण्याचा उपचार आहे. मेलेला गाभा काढतात, बारीक सुयांसारख्या फायलींनी नळ्या घासतात, जंतुनाशकाने धुतात, गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने नळी टोकापर्यंत भरतात आणि वर कॅप बसवतात. हे सगळे पूर्ण झाले तरच उपयोग. अर्धवट राहिले किंवा नळी नीट भरली गेली नाही तर जंतू परत येतात. अशा फसलेल्या दातांत ‘एन्टेरोकोकस फीकॅलिस’ हा चिवट जंतू बरेचदा सापडतो. तो उपाशी राहून, औषध सोसून टिकतो. हाच जंतू हृदयाच्या झडपेवरही आढळतो. मात्र तिथे तो बहुतेक वेळा आतड्यातून किंवा लघवीच्या मार्गातून आलेला असतो. म्हणून एका नावावरून घाईने नाते जोडू नये.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ साली आजवरच्या अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले. दात काढल्यावर १० ते १०० टक्के लोकांच्या रक्तात जंतू सापडले. रूट कॅनलनंतर हे प्रमाण जास्तीत जास्त २० टक्के होते. दात घासताना आणि दोऱ्याने साफ करताना २० ते ६८ टक्के, आणि लाकडी काडीने दात कोरताना २० ते ४० टक्के. म्हणजे दावतीनंतर आपण दात कोरत बसतो, तेव्हाही जंतू रक्तात जातच असतात. वर्षातून एकदा होणाऱ्या उपचारापेक्षा रोज घाणेरडे राहणारे तोंड जास्त धोक्याचे, हा या आकड्यांचा अर्थ. तोंड स्वच्छ असेल तर घासतानाही कमी जंतू रक्तात जातात.

आणखी एक गल्लत दूर करू. हार्ट अटॅक हा वेगळा आजार आहे. त्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो. हिरड्यांचे आजार असणाऱ्यांत तो जास्त दिसतो, पण एकामुळे दुसरा होतो असे सिद्ध झालेले नाही, असे त्याच संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट केले.

उपचाराआधीचा एक डोस कोणाला?

काही रुग्णांना दातांच्या उपचाराआधी अँटिबायोटिकचा एकच मोठा डोस देतात. मोठ्या माणसाला सहसा दोन ग्रॅम अमॉक्सिसिलिन, उपचाराच्या अर्धा ते एक तास आधी. पूर्वी हे बऱ्याच हृदयरुग्णांना दिले जाई. २००७ पासून अमेरिकेत ते मुख्यतः जास्त धोक्याच्या लोकांपुरते ठेवले आहे. कृत्रिम झडप बसवलेले, पूर्वी एंडोकार्डायटिस होऊन गेलेले, आणि जन्मजात हृदयदोषाचे काही ठरावीक रुग्ण त्यात येतात. संधिवाताच्या तापाने झडप बिघडली आहे, पण बदललेली नाही, अशांबाबत हृदयरोगतज्ज्ञ प्रत्येक रुग्ण पाहून निर्णय घेतात. जो नियमित पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतो, त्याने वेगळे औषध लागेल का, हेही विचारावे.

कृत्रिम झडप असणारी माणसे आता खेड्यापाड्यांतही भेटतात. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने तयार केलेली देशी झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. अशा रुग्णांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असते. दात काढायचा म्हणून ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते. दातांचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून ते ठरवायचे असते.

आणि ज्यांचे हृदय निरोगी आहे, त्यांना या डोसची मुळीच गरज नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून दाढेचे दुखणे दाबत राहण्याचा तर कोणालाच फायदा नाही. पू दाढेच्या आत असतो, तिथला रक्तपुरवठाच मेलेला असतो. गोळी तिथे पोहोचणार कशी?

ताप उतरला, आजार राहिला

लातूरच्या डॉक्टरांनी आधी वेगवेगळ्या वेळी रक्त घेऊन ब्लड कल्चर करायला पाठवले आणि मग औषध सुरू केले. इकोमध्ये झडपेवर गाठ दिसली. कल्चरमध्ये तोंडातल्या जंतूंपैकीच एक निघाला.

“तो दाढेतूनच आला असे मी शपथेवर सांगू शकत नाही,” डॉक्टर आम्हाला म्हणाले. “घासतानाही येतो, चावतानाही येतो. पण बिघडलेली झडप, बंद झालेले इंजेक्शन आणि उघडी सडलेली दाढ, एवढे एकत्र असल्यावर मी दुसरीकडे कशाला शोधू?”

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आधीच्या तीन सलाईनच्या फेऱ्यांत जी अँटिबायोटिक्स दिली गेली, त्यांनी ताप दबला, जंतू मेले नाहीत. असे अर्धे-मुर्धे औषध आधी पोटात गेले की कल्चरमध्ये जंतू सापडतही नाही आणि आजाराचे नाव कळत नाही. या आजाराला शिरेतून चार ते सहा आठवडे सलग इंजेक्शने लागतात. पाच दिवसांचे सलाईन पुरत नाही.

म्हणून ज्याची झडप बिघडली आहे, त्याला आठवड्याहून जास्त ताप राहिला, रात्री घाम येऊ लागला, वजन घटले, नखांखाली तांबड्या-काळ्या रेघा दिसल्या किंवा बोटांच्या टोकांवर दुखऱ्या गाठी आल्या, तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगावे: “माझ्या झडपेला आजार आहे. अँटिबायोटिक देण्याआधी ब्लड कल्चर करायचे का?”

आजार म्हणजे ऐब नव्हे

आता आमचा वाटा. तिच्या लग्नाची बोलणी चालू होती, तेव्हा मुलाकडचे एक बुजुर्ग आमच्याकडे चौकशीला आले होते. त्याच्या आदल्या संध्याकाळी तिचे अब्बा घरी येऊन गेले. “सर, रिश्ता चांगला आहे. तेवढं दिलाचं बोलू नका. इंजेक्शन मी तिला माहेरी बोलावून देत जाईन.”

आम्ही गप्प राहिलो. मुलगी गुणी आहे, अभ्यासात चांगली होती, एवढेच सांगितले. ते खरेच होते. दुसऱ्याचा ऐब झाकावा, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे, आणि आपण तीच पाळत आहोत असे आम्हाला वाटले. पण माहेरी बोलावणे दोनदा झाले, तिसऱ्यांदा जमले नाही. दातांच्या दवाखान्यात ‘आणखी काही आजार आहे का?’ असे विचारले, तेव्हा शेजारी नवरा बसला होता. ती ‘नाही’ म्हणाली. तापात तीन दवाखाने झाले, तिन्ही ठिकाणी ती गप्प राहिली.

आजार हा ऐब नव्हे. तो कोणाचा गुन्हा नाही, खानदानाचा डाग नाही. घसा दुखला, औषध मिळाले नाही, झडप बिघडली. यात मुलीने काय केले? ऐब समजून आपण तो झाकला आणि त्याचबरोबर तिचे औषधही झाकून टाकले. लग्नाच्या बोलणीत कोणी कोणाला किती सांगावे, हा मस्अला जाणत्या आलिमांना विचारावा. गल्लीत, बिरादरीत सांगत फिरण्याची गरज नाही. पण डॉक्टरांपासून लपवू नये, आणि जो माणूस तिला दवाखान्यात नेणार आहे त्याच्यापासून तरी लपवू नये. शरीर ही अमानत आहे असे आपण म्हणतो. मग त्या शरीराची खरी माहितीही अमानतच आहे, आणि ती योग्य माणसाच्या हाती द्यायची असते.

घरात एवढे करता येईल

मुलाचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे आणि दिलेले औषध पूर्ण घ्यावे. तापासोबत सांधे सुजले तर हृदयाची तपासणी विचारून करून घ्यावी. शाळेतल्या तपासणीची चिठ्ठी कपाटात ठेवू नये. तिचे पुढे काय झाले, हे आम्हा शिक्षकांनीही विचारले पाहिजे.

झडपेच्या रुग्णाने इकोचा कागद, औषधांची नावे आणि इंजेक्शनची तारीख एका पिशवीत ठेवावी. ती पिशवी माहेरहून सासरी जावी आणि प्रत्येक दवाखान्यात सोबत असावी. झडपेचे ऑपरेशन सांगितले असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी.

मिस्वाकची ताकीद आपल्याला वारंवार केलेली आहे. वुजू करताना चूळ भरतो, तीही चांगलीच सवय. पण मागच्या दाढांच्या फटीत मिस्वाक पोहोचत नाही, तिथे ब्रश लागतो, रात्री झोपताना तर हवाच. आणि एकदा पडलेली कीड कोणत्याही काडीने किंवा मिश्रीने बरी होत नाही. मिश्रीत तंबाखू असते. दुखणे बधिर होते, दात आणि हिरड्या मात्र बिघडत जातात. झडपेच्या रुग्णाने दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्यावेत. खर्चाची अडचण असेल तर लातूरचे दंत महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे.

‘रमजान संपू दे, मग बघू’ असे म्हणून पू झालेली दाढ तशीच ठेवू नये. आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत दिलेली आहे, ती अशाच वेळेसाठी. आणि रूट कॅनल सुरू केले तर कॅप बसेपर्यंत जावे. दुखणे थांबले म्हणजे उपचार संपला, असे नसते.

त्या मुलीला पाच आठवडे रुग्णालयात राहावे लागले. अल्लाहच्या कृपेने झडप वाचली, ऑपरेशन टळले. तिथे रात्री तिच्याजवळ कोण थांबत होते, तर सासू. ज्या सासूला कळू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तिनेच पाच आठवडे तिच्या उशाशी काढले. घरी परतण्याच्या दिवशी त्या आम्हाला म्हणाल्या, “सर, आधी सांगितलं असतं तर मी काय तिला खाल्लं असतं का? इंजेक्शनला मीच नेलं असतं.”

आमच्याकडे उत्तर नव्हते. आता दर २१ दिवसांनी त्याच तिला एसटीने कळंबला घेऊन येतात. पुढच्या इंजेक्शनची तारीख त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते.